अक्कांचं अंग

परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी माझ्याच दोन जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला आणि आरोग्यशास्त्र शिकवणाऱ्या सुभद्राबाईंची आठवण निघाली. एक म्हणाली, "काय लठ्ठ होत्या ना बाई! वर्गाच्या दारातून तिरक्या होऊन आत यायच्या." दुसरीचा घास हातातच राहिला. "लठ्ठ? छे! काडी होत्या की नुसत्या. खांद्यावर पदर टिकायचा नाही." दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी दोघी माझ्याकडे वळल्या. "कमळाबाई, तुम्ही तर त्यांच्या शेजारी राहत होतात. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं, तुम्हा दोघींचंही खरं आहे. पहिली आधीच्या तुकडीतली, दुसरी नंतरच्या. मधली सुभद्राबाई दोघींनीही पाहिली नव्हती. मी पाहिली होती. 

तीस सालचा मार्शल लॉ उठल्यानंतरच्या वर्षी मी बार्शीहून सोलापूरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले. बाळीवेशीजवळच्या एका बोळात मला खोली मिळाली. बुटक्या भिंतीपलीकडे सुभद्राबाईंच्या भावाचं घर. त्या भावाकडेच राहत. शाळेत, बोळात, बाजारात सगळे त्यांना अक्का म्हणत. नवरा गेला तेव्हा अक्का परकरातल्या होत्या. वडिलांनी हट्टानं शिकवलं, ट्रेनिंगला पाठवलं, आणि त्या आमच्या शाळेत लागल्या. मी आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकाच टांग्यानं शाळेत गेलो. अक्का मागच्या बाजूला बसल्या आणि टांग्याच्या दांड्या वर उचलल्या गेल्या. टांगेवाला ओरडला, "अक्का, जरा सामने सरको जी, नै तो मेरा घोडा आसमान को जाता!"

"सरकते की बाबा," अक्का म्हणाल्या. "पण आधी घोड्याला विचार. त्याची तक्रार असेल तर मी उतरते. तुझी असेल तर मात्र नाही उतरायची."

टांगेवाला हसला, मी हसले, अक्का सगळ्यांत जास्त हसल्या. हसताना त्यांचे डोळे पार मिटून जात. मला वाटलं, केवढी आनंदी बाई आहे. पुढे कळलं की लोक हसायच्या आधी आपण हसून घ्यायचं, ही सवय त्यांनी फार लहानपणी लावून घेतली होती.

चालताना त्यांना धाप लागे. मग त्या मधेच थांबत आणि एखाद्या दुकानाच्या पाटीकडे बघत उभ्या राहत, जणू काही वाचायलाच थांबल्या आहेत. आमच्या वाटेवरची प्रत्येक पाटी त्यांना पाठ होती. शाळेत त्यांच्यासाठी बिनहाताची रुंद खुर्ची करून घेतली होती. त्यांचे वर्ग नेहमी खालच्या मजल्यावर ठेवत, कारण जिना अरुंद आणि उभा होता. भेटेल तिला त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "जेवलीस का?" पण कुणाला "चल, घरी जेवायला" असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. का, ते मला भिंतीपलीकडून कळलं.

त्यांच्या भावजयीच्या, गौरावहिनींच्या, कमरेला किल्ली असे. ती कोठीच्या खोलीची. बाई मैंदर्गीकडच्या. रागावल्या की निम्मं बोलणं कानडीत व्हायचं. नवरा गिरणीत कारकून, पदरात तीन मुलं, आणि गिरणी आज चालू तर उद्या बंद. पाणी भरायला गेल्या की बोळातल्या बायका त्यांना चिडवत, "गौरा, तुझ्या नणंदेला बघून वाटतं, तुमच्या घरी तुपाची विहीर हाय." आणि तोंड फिरवून आपसात म्हणायच्या, "रांडावलेल्या बाईचं अंग असं सुटतंय व्हय? चोरून खात असणार." हे ऐकून ऐकून वहिनींनी कोठीला कुलूप घातलं होतं. अक्कांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पगार मात्र सगळा भावाच्या हातात देत.

अक्कांचा वर्ग मी एकदा बाहेर उभी राहून ऐकला. अन्नाचं शरीरात काय होतं, हे त्या शिकवत होत्या. "पोरींनो, अंग म्हणजे शेगडी. अन्न म्हणजे कोळसा. थोडं जळून ऊब होते, थोड्याची ताकद होते, उरलेलं अंग साठवून ठेवतं. दुष्काळात उपयोगी पडावं म्हणून." पाठीमागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, मग तुम्ही किती खाता?"

  अक्का हसल्या नाहीत. सरळ उत्तर दिलं. "सकाळी अर्धी भाकरी, शेंगाची चटणी. दुपारी तेवढंच. संध्याकाळी बहुतेक वेळा काही नाही." मागून एक हसू फुटलं, मग दुसरं, मग सगळा वर्ग. अक्का थांबल्या. हसणं ओसरलं तेव्हा म्हणाल्या, "सगळ्यांच्या शेगड्या सारख्या जळत नाहीत. कुणाची भडभडून जळते, तिला कितीही घाला, पुरत नाही. माझीवर देवानं राख घालून ठेवलीय. नुसती धुमसते. पुस्तकात हे लिहिलेलं नाही, म्हणून परीक्षेत लिहू नका."

एका उन्हाळ्याच्या सुटीत गौरावहिनी मुलांना घेऊन माहेरी गेल्या. भाऊ गिरणीजवळच्या मित्राकडे जेवू लागला आणि अक्का माझ्या पंगतीला आल्या. तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं. त्या खरंच तेवढंच खात. आग्रह करून वाढलं तर पानावर आडवा हात धरत आणि म्हणत, "साकु." पुरे. हा एक कानडी शब्द त्यांनी भावजयीकडून उचलला होता. वरण संपलं म्हणून मी दुसऱ्यांदा भात घेई, आणि त्या माझ्याकडे कौतुकानं बघत बसत. मी शेवटी न राहवून विचारलं, "अक्का, हे तुम्ही घरी का सांगत नाही?"

"सांगितलं की. अंगाला जीभ नाही, कमळे. म्हणून लोक त्याच्या वतीनं बोलतात. आणि लोकांना माझ्यापेक्षा माझं अंग खरं वाटतं."

वहिनी परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "महिनाभर अक्का माझ्यासमोर जेवल्या. चिमणीएवढं खातात हो." वहिनी भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यासमोर चिमणीएवढंच खाणार की, बाई. परक्याच्या घरात कोण पोटभर जेवतंय?"

मग एका पावसाळ्यानंतर अक्का उतरू लागल्या.

पहिल्यांदा चोळी सैल झाली. मग हनुवटीखालचं मांस गेलं आणि एक नाजूक, कधी न दिसलेला चेहरा वर आला. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हटलं, "सुभद्राबाई, काय हो, ओळखू येईनात तुम्ही! कुणाचं औषध?" बोळातल्या बायका कौतुक करू लागल्या. आणि गौरावहिनी नळावर उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "कुलूप घातलं म्हणून झालं बगा. मी म्हणत न्हवते?"

अक्कांच्या कानावर ते गेलं होतं. त्या मला म्हणाल्या, "म्हणू दे तिला. इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलं तिनं माझ्यापायी. थोडं श्रेय मिळालं तर काय बिघडलं?"

खोटं कशाला सांगू, त्याही आनंदात होत्या. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्यांनी मोठ्या बाईंकडे जाऊन वरच्या मजल्यावरचा वर्ग मागितला. इतकी वर्षं त्या शाळेत काढली, पण जिना चढून वर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी त्यांच्यामागून जिना चढले. धाप न लागता त्या वर पोचल्या, खिडकीशी गेल्या आणि गजांना धरून उभ्या राहिल्या. तिथून सिद्धेश्वराचं तळं दिसतं. पाण्यावर ऊन पडलं होतं.

"कमळे, हे तुम्हाला रोज दिसतं?"

"दिसतं की."

"आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत!" त्या हसल्या. तेव्हा त्यांचे डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत मला त्यांचे हसरे डोळे पहिल्यांदा दिसले. चांगले टपोरे होते.

त्या हिवाळ्यात एकदा त्या माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. नळावरून कळशी उचलता आली नाही, म्हणाल्या. "मला एक कळत नाही. चरबी गेली तर अंग हलकं वाटायला हवं. मला जड का वाटतं? पूर्वी हेच सगळं ओझं अंगावर घेऊन मी भरलेली घागर आणत होते. चरबी जायची ती गेली. ताकद कुठं गेली?" त्यांनी बाही वर सरकवून दंड दाखवला. कातडी लोंबत होती आणि आत हाताला लागेल असं काही नव्हतं. "हे चरबीचं काम नाही. मांस गेलंय. कोठीत कोळसा असताना घराचे वासे कुणी जाळतं का?"

त्यांनी स्वतःच स्वतःला तपासलं होतं. उत्तर फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "राहू द्या तिला. मी आरोग्यशास्त्र शिकवते. मला सरळ सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. पोटात गाठ होती. अंग भरलेलं होतं तोवर ती कुणाच्या हाताला लागली नसती. आता लागली, पण ती शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली होती. यकृतही कडक लागत होतं. "कॅन्सर," त्या म्हणाल्या. त्या काळी हा शब्द आम्ही फक्त वाचला होता.

"मग मी जास्त खाल्लं तर?" अक्कांनी विचारलं.

"खा, जेवढं जाईल तेवढं. पण खरं सांगू? उपाशी माणसाचं अंग शहाण्यासारखं वागतं. आधी चरबी काढतं, मांस होईल तितकं राखतं, आणि जेवायला मिळालं की पुन्हा धरतं. या आजारात तो शहाणपणा राहत नाही. गाठ स्वतः तर खातेच, पण सगळ्या शरीरालाही सारखं जळायला लावते. वाढलेलं अंगी लागत नाही."

परतताना टांग्यात अक्का वाटेवरच्या पाट्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "राख उडाली तर शेवटी. किती वर्षं मी देवाकडे तेच मागत होते." त्यानंतर त्या पदर तोंडावर घेऊन रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

घरी कळलं त्या संध्याकाळी गौरावहिनींनी कोठीचं कुलूप काढून अंगणात फेकून दिलं. भिंतीपलीकडून मला लोखंडाचा आवाज आला. मग त्या घरात सकाळपासून चूल पेटू लागली. शिरा, लापशी, तूपभात, साईचं दूध, शेंगापोळी. वहिनी ताट घेऊन अक्कांपुढे बसत आणि म्हणत, "वन्सं, एवढा घास. माझ्यासाठी." अक्का खात. खरोखर खात. जन्मात कधी खाल्लं नव्हतं इतकं त्यांनी त्या दिवसांत खाल्लं, आणि त्यातलं बरंचसं परसात जाऊन उलटून टाकलं. पाण्यानं तोंड धुऊन परत येत आणि वहिनींना सांगत, "छान झालाय गं शिरा."

अंग तरी खाली खालीच जात होतं. गालफडं बसली. खांद्याची हाडं वर आली. पावलं मात्र सुजली. शाळा सुटली. पहिल्यांदा रजा म्हणून, मग कायमची.

आणि बोळातली तोंडं उलटी फिरली. ज्या बायकांनी "चोरून खाते" म्हटलं होतं, त्याच आता वहिनींच्या पाठीमागे म्हणू लागल्या, "उपाशी मारलं बिचारीला. कुलूप होतं की कोठीला, सगळ्यांना ठावं हाय." एके दिवशी नळावर हे वहिनींच्या तोंडावर कुणीतरी म्हटलं. वहिनी रिकामी कळशी घेऊन परत आल्या. मी अक्कांपाशी बसले होते. वहिनी तडक आत आल्या, ताटात शिरा घेतला आणि घास अक्कांच्या ओठाशी नेला.

अक्कांनी मान फिरवली. त्या दिवशी त्यांना बसवतही नव्हतं. "साकु, गौरा."

"साकु न्हाय! खा!" वहिनींचा आवाज चिरकला. "माज्यावरचा राग हाय म्हणून खाईना तुमी. मला ठावं हाय. मी कुलूप लावलं म्हणून तुमी मला दावायलाय. साऱ्या गावापुढं मला चेटकीण करून जाणार तुमी."

मी उठून मधे पडणार, तेवढ्यात अक्कांनी हातानं मला थांबवलं. वहिनींचं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, तरी वहिनी थांबल्या.

"गौरा, माझ्याकडे बघ. तेव्हा मी खात नव्हते, आणि माझं अंग वाढत होतं. आता मी खाते, आणि माझं अंग जातं. तेव्हाही मी खरं बोलत होते, आताही खरंच बोलते. तुझ्या कुलपानं मी बारीक झाले नाही. तुझ्या शिऱ्यानं मी जाड होणार नाही. माझ्या अंगात तुझा हात कधीच नव्हता, बाई. मग दोष कुठून तुझा?"

वहिनींचा घासाचा हात खाली आला. मग फार हळू म्हणाल्या, "मग तवा तुमी खरंच उपाशी ऱ्हात व्हता, वन्सं? ह्या घरात?"

अक्कांनी उत्तर दिलं नाही. खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वहिनींना ते उत्तर पोचलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि अक्कांच्या सुजलेल्या पावलांवर कपाळ टेकवलं. "अय्यो, वन्सं. अय्यो." एवढंच म्हणत राहिल्या. अक्का त्यांच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले. माझं तिथं काही काम नव्हतं.

त्या दिवसापासून वहिनींनी आग्रह सोडला. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते ज्या बाईनं कुणाला जेवू घातलंय तिलाच कळेल. मागितलं तर दोन चमचे ताक, नाही तर भाताची पेज. नाही मागितलं तर काही नाही. चूल मंद झाली. त्याऐवजी वहिनी अक्कांचं अंग बघू लागल्या. सकाळी कोमट पाण्यानं पुसायचं, खोबरेल चोळायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून जुन्या लुगड्यांच्या घड्या करून खाली घालायच्या. एकदा मी गेले तेव्हा तेल चोळून झालं होतं. अक्का मला म्हणाल्या, "जाड होते तेव्हा मला कुणी हात लावत नसे, कमळे. आई गेल्यावर कुणीच नाही. गर्दीतसुद्धा बायका अंग चोरून जायच्या. एवढं मोठं अंग, आणि कुणाच्या स्पर्शाचं नाही. आता बघ." वहिनी त्यांच्या बोटांत बोटं घालून एकेक बोट चोळत होत्या.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. शाळेत जाताना डोकावले. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. वहिनी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या आणि अक्का त्यांच्या मांडीवर होत्या, चौघडीत गुंडाळलेल्या. एकट्या वहिनींनीच उचलून बाहेर आणलं होतं. अक्कांचे डोळे मिटलेले होते. झोप होती की ग्लानी, कळत नव्हतं. श्वास चालू होता, ते फक्त पांघरुणाच्या कडेवरून दिसत होतं.

तेवढ्यात शेजारची एक बाई वाटीत खीर घेऊन आली. आजाऱ्याला बरी, गव्हाची आहे, म्हणाली. नळावर जी बोलली होती ती हीच. तिची नजर अक्कांवर पडली आणि तिथंच थिजली. मग तिनं वाटी पुढे केली. "गौरा, दोन चमचे तर घाल तिला."

मला वाटलं, वहिनी आता काहीतरी तोडून बोलणार. वहिनींनी एकदा खिरीकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या तोंडाकडे. कपाळावर आलेली बट बोटानं मागे सारली.

"न्हाय बाई," त्या हळूच म्हणाल्या, अक्कांची झोप मोडू नये अशा आवाजात. "तिला भूक न्हाय."